हरिश्चंद्रगड, दोन दिवस, ३२ जण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी नोव्हेंबरात आमच्या कॉलेजच्या ट्रेकची तारीख टाकली की तेच तेच प्रश्न सुरू होतात आणि रात्री साडेअकराला 'दादा एक विचारू का' असा मेसेज येतो, आणि तो एक कधीच एक नसतो. म्हणून यावेळी सगळं एकदाच लिहून टाकतोय. मी टीवायला आहे, हा गड माझा चार वेळा झालाय आणि त्यातल्या तीन वेळा मी टेलला होतो, म्हणजे सगळ्यात मागे चालणारा, त्यामुळे खालची बरीचशी उत्तरं मागून जे दिसतं त्यावरून आहेत. पुढे चालणाऱ्यांना विचाराल तर ते सांगतील एकदम सोपा आहे रे.

नक्की कुठे चाललोय? आणि कळसूबाई का नाही?

हरिश्चंद्रगड. तालुका अकोले, जिल्हा अहिल्यानगर, पण गड बसलाय पुणे, ठाणे आणि नगर अशा तीन जिल्ह्यांच्या सीमेवर, माळशेज घाटाच्या जरा उत्तरेला. उंची साधारण १४०० मीटरच्या वर. कळसूबाई उंचीला जास्त आहे, १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, मान्य. पण तिथे वर पोचलं की देवीचं छोटं देऊळ, जेमतेम उभं राहायला जागा, फोटो काढायचा आणि शिड्यांच्या रांगेत उभं राहून खाली यायचं. हरिश्चंद्रगडाला वर अख्खं पठार आहे, मंदिर आहे, गुहा आहेत, कोकणकडा आहे, एक रात्र राहिलं तरी पुरत नाही. तुम्हाला फक्त 'हायेस्ट पीक' टाकायचं असेल तर कळसूबाई कधीही करा, एका दिवसात होतं.

मी आयुष्यात ट्रेक केलेला नाही. जमेल का?

खरं उत्तर तुमच्याकडेच आहे. ट्रेकच्या आधी दोन रविवार सिंहगड चढा, आतकरवाडीच्या पायवाटेने, गाडीने वर जाऊन भजी खाणं मोजायचं नाही. दीड-पावणेदोन तासात न थांबता नाही पण न रडता वर पोचलात तर हरिश्चंद्रगड जमतो. सिंहगड लांब पडत असेल तर निदान रोज संध्याकाळी पर्वती, १०३ पायऱ्या आहेत, पाठीवर भरलेली सॅक घेऊन चार वेळा वर-खाली. लोक काय करतात, रिकाम्या हाताने पळतात आणि ट्रेकला पहिल्यांदा आठ किलोची सॅक पाठीवर येते, मग खांदे बोलायला लागतात.

दम लागणं हा प्रॉब्लेम नाहीये, सगळ्यांनाच लागतो. दमा असेल, हार्टचं काही असेल, गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल, फिट्स येत असतील तर फॉर्ममध्ये लिहा, आणि पंप घेऊन या, सॅकच्या वरच्या कप्प्यात, तळाला कपड्यांच्या खाली नाही. लिहिलं म्हणून तुम्हाला काढून टाकणार नाही, लपवलं आणि वर कळलं तर मात्र जाम राग येतो.

कोणत्या वाटेने जाणार?

चढायचं खिरेश्वरकडून, उतरायचं पाचनईला.

खिरेश्वरची वाट लांब आहे, आपल्या स्पीडने पाच तास धरा. पुण्याहून नारायणगाव, आळेफाटा, ओतूर करत खुबी फाटा, तिथून पिंपळगाव जोगा धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वर गाव. गावात नागेश्वराचं जुनं मंदिर आहे, दहा मिनिटं काढून छताचं कोरीवकाम बघूनच निघायचं, सगळे नेहमी धावतपळत पुढे जातात आणि मग घरी येऊन दुसऱ्यांचे फोटो बघतात. पुढे जंगलातून तोलार खिंड. खिंडीत दगडात कोरलेला वाघोबा आहे, गावातले लोक त्याला पूजतात, त्याच्यावर सॅक ठेवू नका प्लीज. खिंडीतून डावीकडे वळलं की कातळाचा टप्पा, तिथे रेलिंग आहे, घाबरण्यासारखं नाही पण घाई करण्यासारखंही नाही. तो संपला की सुरू होतात सात टेकड्या. चढ, उतार, झाडी, परत चढ, आणि प्रत्येक टेकडीवर कोणीतरी विचारतं 'आलं का', नाही आलं. माझ्या मते सगळ्या ट्रेकमधला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात भारी तुकडा हाच, कारण इथे लोक बोलायला लागतात. एरवी वर्षभर लास्ट बेंचवर गप्प बसणारा पोरगा पाचव्या टेकडीवर अख्खी लाईफ स्टोरी सांगतो.

पाचनईची वाट छोटी, दोन-अडीच तासात माणूस वर पोचतो, उतरायला तर अजून कमी. एका बाजूला डोक्यावर आलेला कातळ आणि त्याच्या पोटातून आडवी वाट. दुसऱ्या दिवशी पाय गेलेले असतात त्यामुळे उतरायला ही बरी. आपल्याला सोडून गाड्या ओतूर-ब्राह्मणवाडा-कोतूळ करत फिरून पाचनईत येऊन थांबतात.

नळीच्या वाटेने जाऊया ना, एवढं काय?

नाही. बेलपाड्यातून थेट कोकणकड्याच्या बाजूने वर येणारी ती नाळ आहे, म्हणजे डोंगरातली अरुंद उभी घळ, दगडधोंडे, रॉक पॅच, रोप लागतो, अनुभवी छोटा ग्रुप लागतो. ३२ जणांत १९ जण पहिल्यांदा येतायत. वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्याच्या डोक्यात येतो, एवढं साधं गणित आहे. पुढचा प्रश्न.

टाइमटेबल सांगा.

डिसेंबरचा दुसरा शनिवार, पहाटे ५ ला कॉलेजच्या गेटवर, ५ म्हणजे ५, साडेपाचला गाडी हलते आणि जो नाही तो नाही. नारायणगावला मिसळ. साडेनऊपर्यंत खिरेश्वर, दहाला चालायला सुरुवात, तीन-साडेतीनला मंदिर, सॅक टाकायच्या, चहा, आणि पावणेपाचला कोकणकड्याकडे निघायचं. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. कड्यापासून मंदिरापर्यंत परत यायला अर्धा-पाऊण तास, तो अंधारात, म्हणून टॉर्च. रविवारी पहाटे उठून तारामती शिखर, मग मंदिर, केदारेश्वराची गुहा, नाश्ता, अकराला उतरायला लागायचं, पाचनईत जेवण, रात्री आठ-नऊपर्यंत पुणे. ट्रॅफिक चाकणला लागला तर दहा. लागतोच.

किती पैसे? आणि एसटीने स्वस्तात का नाही जात?

माणशी १४५०. त्यात गाड्या, शनिवार रात्रीचं जेवण, रविवारचा नाश्ता आणि दुपारचं जेवण, टेंट, प्रवेश फी आलं. मिसळ आणि वाटेतलं सरबत तुमचं तुम्ही.

एसटीने आम्ही गेलोय. वाकडेवाडीहून नाशिकची गाडी, आळेफाट्याला उतरायचं, मग नगर-कल्याण गाडी पकडून खुबी फाटा, आणि २०२३ पासून मुलींना अर्ध तिकीट त्यामुळे मुली खूश. पण ३२ जण एका एसटीत मावत नाहीत, दोन गाड्यांत विभागलो तेव्हा एक गट आळेफाट्यावर दीड तास उसाचा रस पीत बसला होता. दहा जणांचा ग्रुप असेल तर एसटीच बेस्ट, माझं स्पष्ट मत. एवढ्यांना नाही.

शूज कोणते?

यावर मी निबंध लिहू शकतो. महागडे नकोत. सह्याद्रीत घसारा म्हणजे बारीक मुरूम आणि सुटी माती, त्यावर पकड लागते, त्यामुळे तळाला खोल खाचा असलेले कुठलेही चालतील. ॲक्शनचे ट्रेकिंग शूज अर्ध्या महाराष्ट्राच्या पायात असतात, स्वस्त आणि दणकट. जिमचे पांढरे गुळगुळीत तळाचे नकोत, क्रॉक्स नकोत, आणि नवे कोरे तर अजिबात नकोत, निदान दोन आठवडे घालून फिरा नाहीतर तोलार खिंडीच्या आधीच टाचेला फोड.

पण सगळ्यात डेंजर कोणते माहितीये? कपाटात पडून राहिलेले. मागच्या वर्षी एक मुलगी भावाचे शूज घेऊन आली, ब्रँडेड, दिसायला नवे, चार वर्षं खोक्यात होते. कातळाच्या टप्प्यावर तिचा उजवा तळ पुढून सुटला, प्रत्येक पावलाला मगरीसारखा जबडा उघडायचा आणि खडा आत. पडून राहिलं की सोलचा गोंद सुकतो, वरून काही कळत नाही. आधी नाडी काढून बांधला, ती सात टेकड्यांत झिजून तुटली. मग वर सरबतवाल्या काकूंनी गोणीची सुतळी दिली, वरून खालून आडवी चार वेढे आणि गाठ वर घोट्याशी, गाठ तळाला आली तर पाय घसरतो हे पण त्यांनीच सांगितलं. तिसऱ्या टेकडीपासून तिच्या मागे मी होतो, त्यामुळे तो जबडा मला अजून स्वप्नात येतो. दुसऱ्या दिवशी डावाही सुटला. ती दोन्ही पायात सुतळी बांधून पाचनईला उतरली आणि कुणापेक्षाही लवकर उतरली. तर घरी आजच शूज काढा, दोन्ही हातांनी पुढचा तळ ओढून बघा. आणि सॅकमध्ये दोन मीटर सुतळी टाका.

सॅकमध्ये काय काय घेऊ?

३ लिटर पाणी, टॉर्च आणि जास्तीचे सेल, स्वेटर किंवा जॅकेट, कानटोपी, एक जोडी कपडे, दोन जोड मोजे, ताट-वाटी-चमचा-मग, अंथरूण म्हणजे कॅरीमॅट किंवा जुनी सतरंजी, स्लीपिंग बॅग नसेल तर जाड चादर, स्वतःची औषधं, ओआरएसची दोन पाकिटं, कोरडा खाऊ, ओळखपत्र, आणि एक रिकामी पिशवी स्वतःच्या कचऱ्यासाठी. सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून मग सॅकमध्ये.

जीन्स नको. ओली झाली की वाळत नाही आणि कातळावर पाय उचलत नाही. सॅक म्हणजे दोन्ही खांद्यांवर बसणारी, कॉलेजची चालेल. हातात पिशवी घेऊन कोणी आलं तर गेटवरूनच परत. हे गंमत म्हणून लिहिलेलं नाही, एकजण आला होता, मिठाईच्या दुकानाची पिशवी घेऊन.

मोबाईलचा टॉर्च हा टॉर्च नाही. वीस जणांना वाटतं की चालेल, संध्याकाळी सहापर्यंत सगळ्यांचा फोन १२ टक्क्यांवर असतो, कारण दिवसभर काय केलंय ते माहितीये.

पाणी वर मिळेल ना, मग ३ लिटर कशाला वाहू?

वर मिळतं, वर पोचेपर्यंतचं काय? डिसेंबरात खिरेश्वरच्या वाटेवरचे ओहोळ आटलेले असतात. वर कातळात कोरलेल्या टाक्यांचं पाणी आहे, ते गाळून क्लोरीनचे थेंब टाकून पितो. आणि पाणी तहान लागल्यावर नाही प्यायचं, दर वीस मिनिटांनी दोन घोट. मागून चालताना मला आधी हेच दिसतं, कोण गप्प झालं, कोणाची चाल तिरकी झाली, आणि विचारलं की बाटली जवळजवळ भरलेली असते. 'सू लागेल म्हणून नाही प्यायले' हे उत्तर मुलींकडून हमखास येतं. त्यावर पुढे लिहिलंय.

थंडी किती असते?

पहाटे भरपूर. पठारावर वारा थेट लागतो, त्यामुळे पुण्याच्या थंडीवरून अंदाज बांधू नका. चढताना घामाने ओला झालेला टीशर्ट वर पोचल्या पोचल्या बदला, नंतर नाही, लगेच. तोच अंगावर ठेवून सनसेट बघत बसणारे रात्री हुडहुडत असतात.

जेवणाचं काय? व्हेज-नॉनव्हेज?

व्हेज. मंदिराजवळ पाचनईच्या लोकांच्या झोपड्या आहेत, आपण दरवर्षी एकाच घराकडे सांगतो. पिठलं, भाकरी, ठेचा, भात-वरण. भाकरी चुलीवरून थेट ताटात येते, हाताला चटका बसतो इतकी गरम, पिठलं जरा पातळ असतं त्यात ती कुस्करायची. घरी पिठलं बघून तोंड वाकडं करणारे तिथे चौथी भाकरी मागतात. किती खाणार ते आधी सांगायचं असतं कारण पीठ खालून डोक्यावर किंवा पाठीवर वर येतं. टाकायचं नाही.

कोरडा खाऊ म्हणून ठेपले, गूळ-शेंगदाणे, चिक्की, खजूर आणा. वेफर्सची पाकिटं कमी आणा, पोट भरत नाही आणि सॅकमध्ये भुगा होतो. मॅगी कोण करणार असं कृपया विचारू नका.

टेंट कोकणकड्यावर लावायचे ना? रीलमध्ये तसंच असतं.

नाही, मंदिराजवळ. कड्याच्या धारेजवळ रात्री ३२ पोरं झोपवायची आणि त्यातला एक अर्धवट झोपेत बाहेर पडणार, हा विचार करून माझीच झोप उडते. शिवाय वारा असा असतो की टेंटचे खिळे उपटतात. एका टेंटमध्ये तिघं, मुलींचे टेंट मधे, बरोबर येणाऱ्या आपल्या कॉलेजच्या मॅडमचा टेंट त्यांच्या शेजारी. पूर्वी लोक गुहांमध्येच राहायचे, गणेशगुहेच्या आसपासच्या गुहांत अजूनही काही जण राहतात, पण एवढ्यांना ते बरं पडत नाही.

शेकोटी नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहोत आपण, आणि डिसेंबरात गवत कसं वाळलेलं असतं ते बघितलंत की कळेल.

टॉयलेट?

नीट सांगतो कारण यावर कोणी नीट बोलत नाही. आपण राहतो तिथे पक्की सोय धरून चालू नका. मुलींसाठी एक वेगळा उभा टॉयलेट टेंट आपण नेतो, बाकी उघड्यावर, पाण्याच्या टाक्यांपासून आणि ओढ्यापासून लांब, खड्डा करून, माती लोटून. टिश्यू आणि वेट वाइप्स तिथे टाकायचे नाहीत, पिशवीत घालून परत आणायचे. वाटेत कोणाला जायचं असेल तर दोघी-दोघींनी जा आणि मागच्याला म्हणजे मला किंवा माझ्याबरोबर जी मुलगी टेलला असेल तिला सांगून जा, सॅक वाटेवर ठेवून जा, सॅक दिसली की आम्ही थांबतो, काही विचारत नाही.

पिरियड्स असतील तर यायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. पॅड, कागद, काळ्या पिशव्या फर्स्टएड बॅगमध्ये असतात, ती टेलकडच्या मुलीकडे. मंदिरात काय करायचं हा प्रश्न पण येतो, तोही तुमचा तुम्हीच ठरवायचा, ग्रुपचा त्यात काही नियम नाही.

कोकणकड्यावर काय नियम आहेत?

कडा आतल्या बाजूला वळलेला आहे, नागाच्या फण्यासारखा, म्हणजे तुम्ही धारेवर उभे असता तेव्हा पायाखाली दगड कमी आणि हवा जास्त असते. खालून कोकणातून वारा वर येतो, कधीकधी इतका जोरात की हलकी वस्तू खाली टाकली तर परत वर येते. त्यामुळे: धारेपासून दहा पावलांवर थांबायचं. खाली बघायचं असेल तर पोटावर झोपून, सॅक काढून, मागून कोणीतरी पाय धरलेले, एका वेळी दोघंच. उभ्याने नाही, बसून पाय सोडून तर नाहीच नाही. अंधार पडला की कड्याकडे कोणीही जायचं नाही, 'तारे बघायला' पण नाही, तारे मंदिरावरूनही तेच दिसतात.

पोटावर झोपून पहिल्यांदा डोकं बाहेर काढलं की काय होतं ते सांगतो. आधी वारा तोंडावर येतो, डोळ्यात पाणी, मग खाली जंगल दिसतं आणि ते इतकं खाली असतं की झाडं शेवाळासारखी वाटतात, आणि मधे एखादी घार फिरत असते जिची पाठ तुम्हाला दिसते. पक्ष्याची पाठ. मागच्या वर्षी एक सतत बडबड करणारा पोरगा परत सरकून आला आणि दहा मिनिटं बोललाच नाही, आम्ही सगळ्यांनी ते एन्जॉय केलं.

इंद्रवज्र दिसेल का?

बहुतेक नाही, सॉरी. इंद्रवज्र म्हणजे गोल, पूर्ण वर्तुळाचं इंद्रधनुष्य, आणि मधोमध बघणाऱ्याची सावली. त्याला पाठीमागे सूर्य आणि समोर खाली दरीत धुकं असं दोन्ही लागतं. कडा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणजे सकाळची वेळ, आणि धुकं म्हणजे पावसाळा किंवा त्याच्या मागचे-पुढचे दिवस. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी इथून दिसल्याची नोंद केलीय. मी चार वेळा आलो, एकदाही नाही.

रील, स्पीकर, ड्रोन?

ड्रोन नाही, अभयारण्य आहे. स्पीकर नाही, कारण मी सांगतोय. रील काढा पण चालता चालता नाही, थांबून. कानात इयरफोन घालून चालायचं नाही, मागून दगड आला तर हाक ऐकू यायला हवी. दगड पायाखालून सुटला की जोरात 'दगड' असं ओरडायचं, लाजायचं नाही.

मंदिर आणि गुहेत काय बघण्यासारखं आहे? आम्हाला इतिहासातलं काही कळत नाही.

कळायला पाहिजे असं नाही, बघितलं तरी पुरे. हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर, त्याच्यासमोर पुष्करणी म्हणजे दगडी बांधणीचं कुंड, तिच्या भिंतीत एका ओळीत १४ कोनाडे देवळांसारखे. चांगदेवांनी इथे तप केलं आणि 'तत्त्वसार' हा ग्रंथ इथे लिहिला असं सांगतात, भिंतींवर शिलालेख आहेत, त्यांच्यावर हात फिरवू नका आणि बदामात आपलं नाव तर मुळीच कोरू नका.

केदारेश्वराची गुहा मंदिरापासून जरा खाली. मोठं शिवलिंग, भोवती कमरेइतकं पाणी, चार खांबांपैकी एकच शाबूत. चार खांब म्हणजे चार युगं आणि शेवटचा पडला की कलियुग संपणार अशी समजूत आहे, त्यामुळे त्याला टेकून फोटो काढताना जबाबदारीने. पाण्यात उतरायचं तर उतरा, पण ते पाणी बर्फासारखं असतं, अर्ध्या मिनिटात पाय कुठे आहेत ते कळत नाही. साबण, शाम्पू नाही. हो, विचारलंय एकाने.

आणि येताना कारवीची झुडपं दिसतील, सात वर्षांनी एकदा फुलतात ती. आपल्याला नुसत्या काठ्याच दिसणार, पण याच काठ्यांनी इकडच्या घरांच्या कुडाच्या भिंती होतात, खिरेश्वरात बघा.

साप, बिबट्या?

बिबट्या जुन्नर पट्ट्यात आहेतच, पण ३२ जणांचा आपला आवाज ऐकून त्यालाच पळ काढावासा वाटेल. रात्री एकट्याने फिरायचं नाही, बास. साप असतात, फुरसं खास करून दगडाखाली, त्यामुळे न बघता फटीत हात घालायचा नाही आणि सकाळी शूज झटकून घालायचे. चावलाच तर कापाकापी, दोरी आवळणं, चोखणं काहीही नाही, माणसाला हलू न देता खाली दवाखान्यात.

खरी भीती मला मधमाश्यांची आहे. कड्यांना आग्या मोहोळ असतात. सेंट, डिओ मारून यायचं नाही, मोहोळाखाली आरडाओरडा, धूर, फ्लॅश नाही. उठल्याच तर तोंड-मान झाकून शांतपणे लांब जायचं, हात झटकायचे नाहीत.

मी हळू चालते. सगळ्यांना माझ्यामुळे थांबावं लागेल का?

हो, आणि थांबतील. आपल्याकडे स्पीड ठरवतो तो सगळ्यात मागचा. पुढे लीड, मधे दोघं, मागे टेल, टेलच्या मागे कोणी नाही आणि लीडच्या पुढे कोणी नाही. प्रत्येक फाट्यावर पुढच्यांनी थांबायचं, शेवटचा माणूस दिसल्याशिवाय हलायचं नाही, आणि शेवटचा पोचल्यावर त्याला पण पाच मिनिटं बसू द्यायचं, नाहीतर होतं काय की पुढचे वीस मिनिटं आराम करून ताजे असतात आणि मागचा आला की लगेच 'चला', त्या बिचाऱ्याला आराम मिळतच नाही.

हा नियम कुठून आला ते पण सांगतो. मी एफवायला असताना तिघं फास्ट पोरं लीडच्या पुढे गेली. तोलार खिंडीत डावीकडे वळायच्या ऐवजी सरळ खाली उतरली, ती वाट कोथळ्याला जाते. उतार लागला म्हणून खूश, शॉर्टकट मिळाला म्हणे. पाऊण तास उतरल्यावर गुरं घेऊन एक बाबा भेटले, त्यांना विचारलं गड अजून किती, तर ते म्हणाले 'गड तुमच्या पाठीमागं हाय'. इकडे बाकीचे सगळे वाघोबापाशी दोन तास बसून, फोन लागत नाही, मॅडमचा चेहरा पांढरा. ती परत आली, कोणी ओरडलं नाही, पण त्या वर्षी कोकणकड्यावर आम्ही पोचलो तेव्हा काळोख होता. त्या तिघांमधला एक मी होतो. तेव्हापासून मी टेलला असतो.

मधेच अगदीच नाही जमलं तर?

तोलार खिंडीपर्यंत ठरवायचं. तिथून परत खिरेश्वरला उतरता येतं, एक सीनियर आणि एक मुलगी तुमच्याबरोबर येतील, आणि गाडीतून तुम्ही पाचनईला या. खिंडीनंतर मात्र पुढेच जाणं जवळ पडतं. काही लागलं-मोडलं तर १०८ आणि ११२ आहेतच, शिवाय पाचनईतले लोक आपल्या आधी धावून येतात, पण नेटवर्क वर सगळीकडे मिळत नाही, त्यामुळे 'लाइव्ह लोकेशन टाकतो' वगैरे घरी प्रॉमिस करू नका.

आई-बाबा सोडत नाहीयेत. तुम्ही बोलाल का?

बोलतो, पण खोटं बोलणार नाही. काका-काकू, हे तुमच्यासाठी: मॅडम स्वतः येतात, दोन सीनियर मुली टेलला आणि मधे असतात, दारू-सिगरेट सापडली तर त्या मुलाच्या घरी तिथूनच फोन जातो, आणि संमतीपत्रावर सही तुमचीच लागते, मुलांनी केलेली ओळखू येते. शनिवारी रात्री फोन आला नाही तर घाबरू नका, रेंज नसते. सगळे सुखरूप पोचले की जिथे रेंज मिळेल तिथून एकच मेसेज सगळ्या पालकांना जाईल.

रिस्क शून्य आहे असं मी म्हणणार नाही. पाय मुरगळतात, पोट बिघडतं. एका काकूंनी मला फोनवर विचारलं, 'तू स्वतःच्या बहिणीला नेशील का?' बहीण यावर्षी येतेय, सीट नंबर १४.

नाव दिलं आणि कॅन्सल केलं तर पैसे परत?

आठ दिवस आधीपर्यंत पूर्ण. नंतर ५०० कापले जातात कारण गाडीला आगाऊ दिलेले असतात. पहाटे चारला 'ताप आलाय' मेसेज टाकणाऱ्यांना काही नाही, आणि सोमवारी कॅन्टीनमध्ये दिसलात तर चहा तुमच्याकडून.

सोमवारी लेक्चर बुडवलं तर चालेल का?

मॅडमना विचारलं. पहिलं लेक्चर त्यांचंच आहे, पावणेआठला, आणि त्या हजेरी घेणार आहेत.